ययातीतलं लोखंड

लोखंडाचा सगळ्यात मोठा साठा कुठे, असं विचारलं तर लोक बैलाडिला म्हणतात, बळ्ळारी म्हणतात, जुनी माणसं गोव्यातल्या खाणींची नावं घेतात. माझ्या माहितीतला सगळ्यात मोठा साठा ययाती तारकासमूहात आहे.

डिसेंबरात रात्री नऊ-साडेनऊला गच्चीवर जाऊन मान वर केली की डोक्यापासून जरा उत्तरेला ययाती दिसतो. शेजारीच शर्मिष्ठा आणि देवयानी. कथेतलं सगळं भांडण तिथे एका नजरेत मावतं. ययातीत अल्गोल नावाचा तारा आहे, दर तीन दिवसांच्या आतबाहेर काही तास मंदावणारा. हात लांब करून अंगठा आकाशावर धरला, तर अल्गोलपासून साधारण एका अंगठ्याच्या रुंदीवर, पूर्वेला, दीर्घिकांचा एक अवाढव्य समूह आहे. पुढे ययाती समूह म्हणेन तो हाच. नुसत्या डोळ्यांना तिथे काळोखच दिसतो. बऱ्यापैकी मोठ्या दुर्बिणीतून, गावाच्या दिव्यांपासून लांब गेलं, तर समूहाच्या मधली एनजीसी १२७५ ही दीर्घिका धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तो प्रकाश २४ कोटी वर्षांपूर्वी निघालेला असतो.

त्या समूहात हजाराच्या वर दीर्घिका आहेत, पण त्याचं मुख्य द्रव्य दीर्घिकांत नाहीच. अदृश्य कृष्णद्रव्य बाजूला ठेवलं आणि फक्त आपल्या ओळखीच्या अणूंचा हिशेब केला, तर सगळ्या दीर्घिकांमधले सगळे तारे मिळून होतात त्याच्या कितीतरी पट वस्तुमान दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत वायूच्या रूपात आहे. तापमान पाच ते सात कोटी अंश. इतका तापलेला वायू डोळ्यांना दिसेल असा प्रकाश जवळजवळ देतच नाही, तो क्ष-किरणांत उजळतो. आणि विरळ किती? बाहेरच्या भागात एका घनमीटरला हजार अणूसुद्धा भरत नाहीत. आमच्या व्हॅक्यूम पंपवाल्याला हे सांगितलं असतं तर त्याने पंप विकून टाकला असता.

या वायूत लोखंड आहे हे १९७६ साली कळलं. ब्रिटिशांचा एरियल-५ नावाचा उपग्रह दोन वर्षांपूर्वी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या फलाटावरून उडाला होता. त्याने ययाती समूहाच्या क्ष-किरणांचा वर्णपट घेतला आणि त्यात सात किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे क्ष-किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) जरा अलीकडे एक उंचवटा निघाला. सव्वीसपैकी चोवीस इलेक्ट्रॉन गमावून बसलेल्या लोखंडाच्या अणूची ती खूण. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या ओएसओ-८ उपग्रहाने इतर समूहांतही तीच खूण पाहिली.

तोवर हा वायू म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा उरलेला कोरा माल, नुसता हायड्रोजन आणि हेलियम, गुरुत्वाकर्षणाने ओढला जाऊन तापलेला, असं धरायला काही हरकत नव्हती. क्ष-किरण तापलेल्या वायूतूनच येतात की दुसऱ्या कुठल्या प्रक्रियेतून, यावरसुद्धा वाद होता. त्या एका उंचवट्याने दोन्ही गोष्टी निकालात काढल्या. वायू तापलेलाच आहे. आणि कोरा नाही, ताऱ्यांच्या पोटातून जाऊन आलेला आहे. महास्फोटात लोखंड तयार झालं नव्हतं, ते ताऱ्यांशिवाय बनत नाही. म्हणजे दीर्घिकांच्या आत शिजलेला माल दीर्घिकांच्या बाहेर, लाखो प्रकाशवर्षं दूर पोचला होता.

किती लोखंड, याचा ढोबळ हिशेब पाकिटाच्या मागे होतो. ययाती समूहातला वायू सूर्याच्या साधारण एक कोटी कोटी पट. सूर्यात दर दहा हजार किलोला लोखंड सुमारे तेरा किलो. समूहाच्या वायूत त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहा हजारात चार. गुणाकार केला की उत्तर येतं चार हजार कोटी सूर्य. चार हजार कोटी सूर्यांच्या वजनाइतकं निखळ लोखंड, सगळं वायूरूप. बैलाडिलाचं नाव मी मागे घेतो ते यासाठी.

हे लोखंड बनवणाऱ्या दोन्ही प्रकारच्या भट्ट्यांचे अवशेष योगायोगाने ययातीच्या शेजारीच, शर्मिष्ठेत, पाहायला मिळतात. अर्थात ते आपल्याच आकाशगंगेतले, ययाती समूहाच्या मानाने अगदी उंबरठ्यावरचे. पहिला, १५७२ साली टायको ब्राहेने पाहिलेला स्फोट. तो श्वेत बटूचा. विझून गेलेला, दाबून बसलेला तारा जोडीदाराच्या द्रव्यामुळे सबंधच्या सबंध पेटतो आणि मागे काही उरत नाही. असा एक स्फोट सूर्याच्या साधारण ०.७ पट लोखंड बाहेर टाकतो. दुसरा कॅसिओपिया-ए, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. तो जडशीळ ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला. अशा ताऱ्यातून ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम भरपूर निघतं, सिलिकॉन आणि गंधक बऱ्यापैकी, आणि लोखंड त्या मानाने थोडं. अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने १९९९ च्या ऑगस्टमध्ये पहिलं अधिकृत चित्र जाहीर केलं ते याच अवशेषाचं.

ययाती समूहातल्या लोखंडाचा मोठा वाटा पहिल्या प्रकारच्या स्फोटांतून आला असं धरलं, तर असे चार हजार कोटींच्या आसपास स्फोट तिथे होऊन गेले असले पाहिजेत. एक हजार कोटी वर्षांत सरासरी दर वर्षी चार. सरासरी फसवी आहे, त्याबद्दल पुढे.

माझी नोकरी कोल्हापुरात फाउंड्रीच्या लॅबमध्ये झाली, म्हणून या विषयाने मला धरून ठेवलं. हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, तयार होत आली की मिस्त्री पळीभर रस काढून तांब्याच्या साच्यात ओततो. त्याची चकती पडते. ती ग्राइंडरवर घासून सपाट करायची, स्पेक्ट्रोच्या स्टँडवर उपडी ठेवायची, आर्गॉन सोडून ठिणगी पाडायची. ठिणगीत उडालेल्या वाफेतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रंगांच्या रेषा सोडतं, आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर ओळ उमटते: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, गंधक, क्रोमियम, निकेल. हे मशीनचं काम. माणसाचं काम त्यानंतर सुरू होतं. आकड्यांवरून भट्टीत काय पडलंय ते ओळखायचं. मँगनीज वाजवीपेक्षा वर गेलं तर स्टीलचं स्क्रॅप जास्त झालं. निकेल आणि क्रोमियम दोन्ही एकदम वर गेले तर स्टेनलेस घुसलं.

"बापू, आज स्टेनलेस कुठनं आलं?"

"नाही ओ साहेब, सगळं कास्टिंगचंच टाकलंय."

आणि मग दहा मिनिटांनी बापू यार्डातून डेअरीच्या पाइपाचा तुकडा हातात घेऊन यायचा. बोलायचा काही नाही, टेबलावर ठेवून जायचा.

२०१७ साली ययाती समूहाच्या वायूचा असाच टेस्ट रिपोर्ट 'नेचर'मध्ये छापून आला. त्यात लोखंडाच्या जोडीला नेमकी हीच तीन नावं होती: क्रोमियम, मँगनीज, निकेल. मी तो आधी खगोलशास्त्राचा लेख म्हणून वाचलाच नाही. हीटचा रिपोर्ट म्हणून वाचला.

तो ज्या यंत्राने घेतला त्याची गोष्ट चटका लावणारी आहे. जपानचा हितोमी उपग्रह १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तानेगाशिमाहून उडाला. त्यातला क्ष-किरण मापक म्हणजे खरं तर तापमापक. सहा गुणिले सहा अशी छत्तीस चौकटींची इवलीशी जाळी, केवल शून्यापेक्षा अंशाचा फक्त विसावा भाग वर थंड ठेवलेली. क्ष-किरणाचा एक कण एका चौकटीवर आपटला की तिचं तापमान किंचित, अंशाच्या हजारांश भागांत मोजावं इतकं, वाढतं. किती वाढलं त्यावरून कणाची ऊर्जा कळते. एकेक कण, एकेक मोजमाप. आधीच्या दुर्बिणींना जिथे लोखंडाचा एकच गोल उंचवटा दिसायचा, तिथे हितोमीला त्याच्या आतल्या बारीक रेषा सुट्या दिसल्या. रेषांच्या रुंदीवरून वायूची खळबळसुद्धा मोजता आली: सेकंदाला १६४ किलोमीटर. समूहाच्या मधोमध एवढं उग्र कृष्णविवर बसलेलं असताना ही चाल बरीच शांत म्हणायची.

२६ मार्चला उपग्रह गेला. तो स्थिर असताना आपण फिरतोय असा त्याच्या यंत्रणेचा समज झाला. ते नसलेलं फिरणं थांबवायला त्याने स्वतःला उलटं फिरवलं, आणि मग चुकीच्या आकड्यांवर चाललेल्या थ्रस्टरनी त्याला इतकं गरगरवलं की सौरपट्ट्या तुटून गेल्या. सव्वा महिन्याचं आयुष्य. त्यातले मोजके दिवस तो ययातीकडे पाहत होता.

त्या मोजक्या दिवसांनी एक जुनं कोडं सोडवलं. आधीच्या मोजणीत समूहांच्या वायूत निकेल जरा जास्तच निघत होतं, आणि ते जास्तीचं निकेल कोणत्या स्फोटाने दिलं यावर लोक डोकं लढवत होते. निकेलची एक रेषा आणि लोखंडाचीच एक दुसरी रेषा अगदी शेजारी-शेजारी येतात. भिंग जाडं असलं की दोन्ही एकात मिसळतात आणि लोखंडाचं माप निकेलच्या खात्यात जातं. हितोमीने त्या वेगळ्या केल्या. लोखंडाच्या प्रमाणात निकेल निघालं सूर्यात आहे तेवढंच. क्रोमियम तेवढंच. मँगनीजही तेवढंच.

आता हे विचित्र आहे. सूर्य एका सर्पिल दीर्घिकेच्या आडबाजूला, अजून तारे जन्माला येताहेत अशा भागात वाढलेला. ययाती समूहाचं केंद्र म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेली राक्षसी दीर्घिका. दोन गावांचं स्क्रॅप वेगळं, भट्ट्या वेगळ्या, काळ वेगळा, आणि चकती मात्र एकच. याचा सरळ अर्थ असा की दोन्हीकडे स्फोटांचं मिश्रण सारखं होतं.

मँगनीजला इथे फार महत्त्व आहे. श्वेत बटू आपल्या वजनाच्या कमाल मर्यादेच्या जवळ पोचून फुटला तर त्याच्या पोटात दाब इतका असतो की मँगनीज आणि निकेल भरपूर बनतं. मर्यादेच्या बराच आधी फुटला, उदाहरणार्थ दोन हलके बटू एकमेकांवर आदळून, तर मँगनीज कमी पडतं. सगळे बटू पहिल्या रीतीने फुटले असते तर मँगनीज जास्त दिसलं असतं, सगळे दुसऱ्या रीतीने फुटले असते तर कमी. दिसतं ते मधलं. म्हणजे दोन्ही प्रकारचा माल पडलाय. ती कमाल मर्यादा चंद्रशेखरांची. १९३० च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचा हा मुलगा मुंबईहून बोटीत बसला आणि इंग्लंडला जाता-जाता वाटेत गणित मांडत राहिला. तो आकडा पुढे सूर्याच्या १.४ पटीवर स्थिरावला. इतक्या वर्षांनी २४ कोटी प्रकाशवर्षांवरच्या मँगनीजची टक्केवारी त्याच आकड्याच्या अलीकडे-पलीकडे वाटली जाते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

स्फोटांची सरासरी फसवी का, ते आता. हितोमीच्या आधी जपानच्याच सुझाकू उपग्रहाने ययाती समूह केंद्रापासून आठ दिशांना, कडेपर्यंत, सुमारे दहा लाख सेकंद तपासला. कडा म्हणजे मध्यापासून साठेक लाख प्रकाशवर्षं. २०१३ साली निकाल आला. मधल्या भागात लोखंड जास्त, ते अपेक्षितच होतं, मधली मोठी दीर्घिका अजून त्यात भर घालते आहे. पण मध्य सोडला की आठही दिशांना, कडेपर्यंत, प्रमाण एकच: सूर्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. कुठे ढीग नाही, कुठे तुटवडा नाही.

फाउंड्रीतल्या माणसाला यातलं मर्म सांगावं लागत नाही. मिश्रधातू भट्टीत घातला तर इंडक्शनच्या विजेने रस आपोआप ढवळला जातो आणि पहिल्या साच्यापासून शेवटच्या साच्यापर्यंत आकडा एकच येतो. तोच उशिरा, लॅडलमध्ये, म्हणजे भट्टीतून साच्यांपर्यंत रस नेणाऱ्या भांड्यात, टाकला की पहिलं कास्टिंग एक सांगतं आणि शेवटचं दुसरंच. ययाती समूहाच्या आठही दिशांचा आकडा एक, तर माल लॅडलमध्ये पडलेला नाही, भट्टीतच पडलाय. समूह एकदा तयार झाला की त्याचा वायू थराथराने बसतो, हलका-गरम वर आणि जड-थंड आत, आणि ते थर आपण होऊन ढवळत नाहीत. दीर्घिका समूहात शिरताना त्यांच्यातला वायू ओरबाडला जातो, त्यातून लोखंड मिळतं हे खरं, पण तेवढ्यावर भागलं असतं तर ते दीर्घिकांच्या वाटांवर पट्ट्यापट्ट्यांनी सांडलेलं दिसलं असतं. म्हणजे कडेला आज जो वायू नुकता आत पडतो आहे तो आधीच लोखंड मिसळून आलेला आहे.

आधी म्हणजे एक हजार ते बाराशे कोटी वर्षांपूर्वी. विश्वात तारे जन्मण्याचा वेग तेव्हा शिगेला होता आणि दीर्घिकांच्या पोटातली कृष्णविवरंही जोरात होती. समूह अजून जमायचा होता. दीर्घिका लहान, त्यांची पकड ढिली. स्फोटांच्या वाऱ्यांनी आणि कृष्णविवरांच्या झोतांनी तयार माल दारातून बाहेर, मधल्या पोकळीत फेकला, आणि नंतर ते सगळं मिश्रण एकत्र कोसळून समूह झाला.

हे ताडून पाहायचं तर दूरचे, म्हणजे जुने, समूह पाहायचे. २००७ साली चंद्रा दुर्बिणीने पाहिलेल्या ५६ समूहांवरून असं वाटलं होतं की मागे जावं तसं लोखंड कमी होतं, पार निम्म्यापर्यंत. पुढे लोकांनी मध्य आणि बाहेरचा भाग वेगळा मोजायला सुरुवात केली तेव्हा बदल असलाच तर मध्यात दिसला. बाहेर जवळजवळ काहीच नाही. एक्सएलएसएससी १२२ असं रुक्ष नाव असलेला एक समूह आहे. त्याचा प्रकाश १,०४० कोटी वर्षांपूर्वीचा. एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने त्यातही लोखंडाची रेषा पकडली, आणि प्रमाण आलं सूर्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याच आसपास. मापातली चूक मोठी आहे, कणच मोजके मिळतात, पण इतक्या लवकर इतकं लोखंड तिथे होतं हे नक्की.

एक तफावत मात्र अजून मिटलेली नाही, आणि मला तीच सगळ्यात आवडते. मोठ्या समूहांत जेवढे तारे दिसतात, तेवढ्यांनी नेहमीच्या दराने स्फोट केले असते तर एवढं लोखंड बनलंच नसतं. काही पटींनी कमी पडलं असतं. मग त्या काळी जड तारे जास्त जन्मत होते का? श्वेत बटू जास्त संख्येने फुटत होते का? की दीर्घिकांच्या मधे विखुरलेले फिकट तारे आपण नीट मोजलेले नाहीत? प्रत्येक उत्तराचे पुरस्कर्ते आहेत. माझा कल शेवटच्या दोघांच्या मिश्रणाकडे आहे, पण तो जुन्या सवयीतून आलेला. यार्डात शोधल्यावर पाइपाचा तुकडा बहुतेक वेळा सापडतोच.

आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांत तयार झालं, हे वाक्य शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे फिरतं. खोटं काहीच नाही त्यात. पण ते ऐकून असं वाटतं की तारे लोखंड बनवतात ते पुढे ग्रह आणि माणसं व्हावीत म्हणून. समूहांचा जमाखर्च तसं सांगत नाही. तिथे ताऱ्यांनी बनवलेल्या लोखंडातलं निम्म्याहून अधिक ताऱ्यांत परत गेलेलंच नाही. बाहेरच्या वायूला निवायला लागणारा वेळ विश्वाच्या वयापेक्षा जास्त. मध्यातला वायू निवू शकला असता, पण तो निवायला लागला की कृष्णविवर झोत सोडतं, वायूत पोकळ्या फुगतात, लाटा उठतात, आणि तो पुन्हा तापतो. निवल्याशिवाय तारा नाही, ताऱ्याशिवाय ग्रह नाही. चार हजार कोटी सूर्यांइतकं लोखंड इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत तसंच फिरत राहणार. आपलं लोखंड अपवादातलं आहे. नियम पाहायचा तर तो ययातीत.

हितोमीचा वारस, एक्सरिझम, सप्टेंबर २०२३ मध्ये उडाला. तशीच जाळी, तशीच थंडी. फक्त मापकापुढचं एक झाकण उघडायचं होतं ते उघडलं नाही, अजून उघडलेलं नाही. त्या झाकणातली बेरिलियमची खिडकी कमी ऊर्जेचे क्ष-किरण अडवते. हितोमीने ययाती पाहिला तेव्हाही झाकण लागलेलंच होतं, ते काढण्याआधीच उपग्रह गेला. त्यामुळे सिलिकॉन, गंधक आणि त्यापुढचं लोखंड-निकेलपर्यंत सगळं एक्सरिझम उत्तम वाचतो. पण कोसळणाऱ्या जड ताऱ्यांची खरी खूण म्हणजे ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, आणि त्यांच्या रेषा त्या खिडकीच्या पलीकडे अडकतात. ती मूलद्रव्यं एक्सएमएम-न्यूटनच्या जुन्या जाळीदार यंत्रावर वाचता येतात, तीही तेजस्वी मध्यांपुरती. कडेच्या वायूत जड ताऱ्यांचा वाटा किती आणि श्वेत बटूंचा किती, हे नीट वाटून दाखवायला युरोपची न्यूअथीना दुर्बीण लागेल. ती २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात उडवायचं ठरतंय. तोवर रिपोर्टात लोखंडाचा रकाना नीट भरलेला, आणि ऑक्सिजनचा बराचसा कोरा.